उजव्या हाताचं प्लास्टर

नवऱ्याची बदली चंदीगडला झाली आणि आम्ही सेक्टर तीसच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. नगरच्या चर्चमध्ये मी लहानाची मोठी झालेली. इथली पंजाबी गाणी मात्र तोंडात बसेनात. एका रविवारी पाळकांनी कृपादानांवर, म्हणजे देव ज्याला त्याला देतो त्या देणग्यांवर, उपदेश केला. कुणाला शिकवण्याचं दान असतं, कुणाला प्रार्थनेचं, कुणाला साहाय्य करण्याचं. हे शेवटचं मला उरलंसुरलं वाटलं. ज्यांना काहीच येत नाही, त्यांच्यासाठी ठेवलेलं.

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या आंटी बाथरूममध्ये घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. त्या आमच्याच चर्चच्या, पंजाबी, एकट्या राहणाऱ्या. चर्चमधून जेवणाचे डबे सुरू झाले, पण एका हाताने केस कसे विंचरणार, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मोहालीच्या ऑफिसला जायची कॅब यायच्या आधी मी रोज त्यांची वेणी घालून येऊ लागले.

"ढीली है," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. मी सोडून पुन्हा घातली.

सहा आठवडे गेले. त्या फारशा बोलत नसत, मीही नाही. प्रेम वगैरे दाटून आलं, असं झालं नाही. कधीकधी सरळ कंटाळाच यायचा.

प्लास्टर निघाल्यावर त्यांनी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली. देवाचे आभार मानले, डॉक्टरांचे मानले, डबे देणाऱ्या एकेकीचे मानले. वेणीचा उल्लेखही नव्हता. ते मला दोन दिवस लागून राहिलं. मग स्वतःचीच लाज वाटली. म्हणजे इतके दिवस मी शाबासकीची वाट पाहत होते तर.

वर्षभराने त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी आल्या आल्या मला फोन. "सुबह-शाम दवाई डालनी है. तू आ जा."

मी गेले. न राहवून विचारलं, "आंटी, मुझे ही क्यों बुलाया?"

"बाकी सब आके उपदेश देती हैं," त्या म्हणाल्या. "तू चुपचाप काम करके चली जाती है. बीमार आदमी को आराम मिलता है."

त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं, नेहमीसारखीच तक्रार होती. मी हात धुतले, त्यांना मान मागे करायला सांगितली आणि डोळ्यात थेंब सोडला.