कुंदाचा सांधा

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तिच्यासोबतचं टिपण आमच्या ऑफिसात सगळे वरून वाचायचे, कुंदा खालून. वर 'काय नवीन' याचा थाट असतो. अगदी तळाशी, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा बेतानं, काय काय काढून टाकलं ते लिहिलेलं असतं. कुंदा पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत खुर्ची पुढे ओढायची, पडदा सरळ तळाला न्यायची आणि म्हणायची, "काय देऊन राहिले ते मंग पाहू. आधी काय नेऊन राहिले ते सांग."

तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही ती अशीच बसली होती. तुमसरच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. चारच माणसं, आणि काम राइस मिलना लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं: धान किती आलं, धरमकाट्यावर ट्रकचं वजन काय भरलं, तांदूळ किती निघाला, बिल किती झालं. मुलीचं लग्न उरकून मी नागपुरात जावा या संगणकभाषेचा कोर्स केला होता. वय पन्नास, म्हणजे अक्कल यायची होती. गळ्यात ओळखपत्राची निळी फीत असायची. चार माणसांत माझी ओळख कुणाला पटवायची होती, देव जाणे. ती फीत घालून मी भाजी आणायलाही जात असे. भाजीवालीनं एकदा विचारलं, "बाई, दवाखान्यात लागल्या का जी?" तरी मी ती उतरवली नाही. प्रमाणपत्र फ्रेम करून देवघराशेजारी टांगलं होतं. उदबत्ती फिरवताना हात आपोआप तिकडेही वळायचा.

तर अशी मी, आणि समोर पदर खोचून बसलेली ही बाई. मी गोड हसून विचारलं, "आपण इथे कुठल्या कामाला?"

तिनं वर पाहिलंच नाही. "तुमी मोडान, ते जोडाच्या कामाले."

कुंदा दिघोरीकडची, तलावावर मासे धरणाऱ्या घरातली. भंडाऱ्याला शिकली, लग्न झालं, सासर सोडून परत आली आणि तेव्हापासून या माडीवर होती. नम्रता तिला ठाऊक नव्हती. आपण हुशार आहोत हे तिला माहीत होतं आणि ते समोरच्याला कळेपर्यंत तिला चैन पडत नसे. भांडण तिला जेवणानंतर बडीशेप लागावी तसं लागायचं. आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊजी म्हणत असू, तेही तिच्याशी बोलताना दारात उभे राहून बोलत, म्हणजे निघायला बरं.

जावातलं असं सॉफ्टवेअर कुणी पायापासून लिहीत नाही. जगभरच्या माणसांनी फुकट खुली ठेवलेली एक मोठी चौकट असते, तिचे शेकडो सुटे भाग असतात. आपण हवे ते भाग घ्यायचे. पण प्रत्येक भागाला आणखी चार भाग लागतात, आणि तेही ठरावीक आवृत्तीचेच. म्हणून भागाच्या नावापुढे आवृत्तीचा आकडा लिहायचा असतो. माझ्यासारख्या ताज्या पंडितेनं आकड्याऐवजी लिहून ठेवलं होतं की जी सगळ्यात नवी असेल ती घ्यावी. मला वाटलं, याहून हुशार कोण! एका सकाळी कुठल्यातरी भागाची नवी आवृत्ती निघाली, आपसूक आमच्यात येऊन बसली आणि धरमकाट्याची पावती निघेनाशी झाली. धानाच्या ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली. कुंदानं जुना आकडा टाकून गाडी रुळावर आणली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "मॅडमबाई, नव्याच्या मांगं एवढी काहून धावते तू? नवरा बी असाच निवडला होता का?"

तेव्हापासून मी तिथली मॅडमबाई झाले. काही दिवस फुगून बसले, मग तिच्याच शेजारी खुर्ची ओढली.

पुढे त्या चौकटीवाल्यांनी एक मोठा बदल केला. आतल्या सगळ्या भागांची नावंच बदलली. काम तेच, वागणं तेच, नावं मात्र नवी. आमची पंचाईत झाली. धरमकाट्याचा भाग नागपूरच्या ज्या माणसानं लिहिला होता त्यानं धंदा बंद केला होता, त्यामुळे तो भाग जुन्याच नावानं हाक मारणार. भरडाईची नोंद सरकारला ऑनलाइन पाठवायचा भाग नव्याशिवाय चालणार नाही. दोन्ही एकाच मिलमध्ये, एकाच यंत्रावर. जुन्या नावानं हाक मारली की नवा ओ देईना.

मी म्हटलं, "नाव बदललं तर बदललं. आता काय करणार?"

"लग्नात माह्यं नाव बदललं," कुंदा म्हणाली. "सासरी वैशाली होती मी. पन माय घरून 'कुंदे' म्हनून हाक मारे, तं मी ओ नाई देत का?"

आणि तिनं नेमकं तेच केलं. मधे बसणारा एक छोटा भाग लिहिला, जुन्या नावाची हाक ऐकून ती नव्याला पोचवणारा. नाव ठेवलं सांधा. मी म्हटलं, इंग्रजी नाव ठेव, जगात शोभेल. ती म्हणाली, "पैदा करनारी मी, अना बारसं तू करशील का?" सांधा तिनं सगळ्यांसाठी खुला ठेवला. प्रत्येक मिलमध्ये स्वतः जाऊन शब्द दिला, "तुमचं बंद नाई पडत. कुंदा हाय." आमच्या मिलसाठी केलेली वस्तू पुढे भलत्याच मुलखांतले लोक वापरू लागले. कुणी आभार मानायचे, कुणी तक्रार करायचे. तक्रारी ती चवीनं वाचायची.

अनिकेत आला तो असाच. नागपूरचा मुलगा, परदेशात मोठ्या कंपनीत. एके दिवशी त्याचा फोन आला. "ताई, तुमच्या सांध्यावर आमचं अर्धं काम उभं आहे. मी मदत करू का?" तो तक्रारी निस्तरू लागला, तपासण्या चालवू लागला. त्याच सुमारास कुंदाच्या आईला अर्धांगवायू झाला. दिघोरी ते तुमसर अशा तिच्या खेपा सुरू झाल्या. एका खेपेला निघताना तिनं नवी आवृत्ती सोडायचा आणि कामावर माणसं घ्यायचा-काढायचा अधिकार अनिकेतला देऊन टाकला. मला कोण आनंद! "किती गोड बोलतो गं! आणि इंग्रजी तर काय सुरेख!"

"गोड बोलते म्हून नाई देऊन राहिली," ती पिशवीत आईची औषधं भरत म्हणाली. "थकली म्हून देऊन राहिली."

काही महिन्यांनी अनिकेतनं सांध्याची नवी आवृत्ती सोडली. वर लिहिलं होतं: हलकी, वेगवान, अधिक सुरक्षित. कुंदा सवयीनं तळाला गेली. तिथे लिहिलं होतं की जुन्या नावांची सोय काढून टाकली आहे, आणि आधीच्या आवृत्त्यांची दुरुस्ती यापुढे होणार नाही. म्हणजे ज्या कामासाठी सांधा जन्मला तेच काम काढून नुसती नव्या भागांची आपसातली जोडणी ठेवली होती. दिवाळी होऊन गेलेली, मिल दिवसरात्र चालू. घोटलेला खर्रा तिनं तोंडात न टाकता तसाच टेबलावर ठेवला.

अनिकेतचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि हेच मला आजही जास्त कडू लागतं. जुन्या चौकटीत सुरक्षेची भोकं होती. जुनी सोय ओढत नेणं जड होतं. त्याच्या कंपनीत जुनं कुणी वापरत नव्हतं. कुंदाही जन्मभराची सोय मागत नव्हती. तिचं मागणं एवढंच होतं की पावसाळ्यात मिल बंद होईपर्यंत जुनं दुरुस्त होत राहू द्या. तेवढ्यात ती धरमकाट्याचा भाग नव्यानं लिहून काढणार होती. मिलवाल्यांना दिलेला शब्द तिला राखायचा होता.

अनिकेतनं एव्हाना सांध्याच्या प्रकल्पावर आपली माणसं जमवली होती, त्यांना हे लिहून कळवायचं होतं. माझं इंग्रजी चांगलं म्हणून ती कामगिरी माझ्याकडे आली. आणि मी काय लिहिलं! आपल्या निर्णयाबद्दल नितांत आदर आहे, आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल दिलगीर आहोत, कृपाळू होऊन विचार व्हावा. वाचून मी स्वतःवरच भाळले. कुंदानं ऐकलं आणि विचारलं, "हे लग्नाची पत्रिका होय का?"

तरी तेच पाठवलं. उत्तर लगेच आलं: मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार. आणि विषय बंद.

मग तिनं स्वतः लिहिलं, तिच्या इंग्रजीत. व्याकरण जागोजागी सांडलेलं होतं, पण अर्थ एकदम सरळ होता. चालती वस्तू भर हंगामात मोडायला तुम्हाला लाज वाटत नाही का? वस्तू माझी, माणसं माझी, आणि तुम्ही कोण? तुम्ही चोर आहात. शेवटचा 'चोर' हा शब्द तिनं मोठ्या अक्षरांत लिहिला होता. मी म्हटलं, "तेवढा काढ गं." ती म्हणाली, "त्याच्याचसाठी तं वरचं सारं लिहिलं."

दोन दिवसांत तिचे सगळे अधिकार काढून घेतले गेले. कारण दिलं होतं की बोलण्याचा सूर समाजाला शोभणारा नाही. तिनं लिहिलेला सांधा आता तिला वाचता येत होता, त्यात अक्षर बदलता येत नव्हतं. अनिकेतला तिनं फोन लावला. त्यानं उचलला नाही. मागाहून निरोप आला, "ताई, पर्सनली घेऊ नका. प्रोसेस आहे."

जुन्या सांध्याची प्रत काढून ती वेगळी चालवायला तिला कुणी अडवू शकत नव्हतं. ती तिनं काढली. त्या हंगामात तुमसरची एकही मिल अडली नाही. धरमकाट्याचा नवा भागही ती लिहायला बसली, पण जमेना. काट्याच्या यंत्राशी बोलायची खूण नागपूरच्या त्या माणसालाच ठाऊक होती आणि तो सापडेना. म्हणून वेगळा सांधा पुढेही ओढत न्यावा लागला. चौकटीत नवं भोक निघालं की तिकडे ते बुजवायला दहा जण बसायचे, इकडे कुंदा एकटी, आणि तोवर मिलची कामं खोळंबायची. भाऊजी पहिल्यांदा खुर्चीत बसून बोलले, "कुंदाबाई, दुसऱ्याच्या नावच्या वस्तूवर किती दिवस पगार देऊ?" एका मिलच्या मुनीमानं तर तोंडावर विचारलं, "बाई, तुमच्यावाला असली का त्याइचावाला?"

त्या दिवशी ती भांडली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

हळूहळू मिलवाल्यांनी मोठ्या शहरातल्या कंपनीचं तयार सॉफ्टवेअर घेतलं, काट्याच्या नव्या यंत्रासकट. कुंदानं ते एका मिलमध्ये उघडून पाहिलं. त्याच्या पोटात अनिकेतचा सांधा होता. ती चहा पिऊन परत आली. पुढे माडी रिकामी झाली. मी घरी येऊन नातवंडांची आजी झाले, कुंदा आईपाशी दिघोरीला गेली.

गेल्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली म्हणून भेटायला गेले. अंगणात बाज टाकून पडली होती. डोळे पिवळे, जीभ मात्र तशीच. "ये मॅडमबाई. पट्टा कुठं हाय गळ्यातला?" मी हसले, मग उगाच म्हणाले, "किती देशांत चालतो गं अजून तुझा सांधा."

"चालू दे ना." तिनं तलावाकडे कूस वळवली. "त्याइनं मोडलं त्याचं नाई वाटत मले. मिलवाले समजतेत का कुंदानंच शब्द मोडला. ते कोनाले सांगू?"

मी म्हटलं, मी सांगेन. खरंच एका मिलमध्ये जाऊन सांगितलंही. मालकांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोन कुंदा जी?" तोवर कुंदा काविळीनं गेली होती.

बातमी मीच अनिकेतला कळवली. त्यानं प्रकल्पाच्या पानावर श्रद्धांजली लिहिली. काय इंग्रजी ते! तळमळीची सहकारी, मायाळू मार्गदर्शक, आमच्या परिवाराचा आधार. खाली देशोदेशीच्या लोकांनी मेणबत्त्या आणि बदामाची चित्रं लावली. पूर्वीची मी असते तर मजकूर उतरवून घेतला असता. आताच्या म्हातारीनं चष्मा पुसला आणि त्या मेणबत्त्यांखाली एक ओळ टाकली, देवनागरीत, कुंदाच्या बोलीत: "जित्तेपनी हाकललं, आता कायले गाऊन राहिले?"

दुसऱ्या दिवशी ओळ गायब. त्या सगळ्यांत मराठी वाचता येणारा अनिकेत एकटाच आहे, म्हणजे पोचली.

पुन्हा टाकली, पुन्हा गेली. आज सकाळी चहा झाल्यावर परत टाकली आहे. संध्याकाळपर्यंत राहील. तिकडे अजून उजाडायचं आहे.