लाल शाईतला ढेकूण

"निजामाच्या राज्यात तुमच्याकडे शाहिरी वगैरे होती का हो?" असं एखादा पुण्याकडचा विद्वान विचारतो, तेव्हा माझं डोकं फिरतं. डोकं फिरलं की डोंगरकडा गावचे शाहीर लिंबाजी आठवतात. असे विद्वान मला जन्मभर भेटत आले. किस्से साठले ते त्यांच्याच कृपेनं.

*

लिंबाजींचं नाव झालं ते गावातल्याच एका लग्नात. वरात दारात आली आणि हे गात बसले. मुहूर्त टळायची वेळ आली. मुलीचा बाप तावातावानं भटजींकडे गेला. भटजी मान डोलवत बसलेले. डोळे न उघडता म्हणाले, "थांबा हो, कडवं संपू द्या."

पुढच्या हंगामात चार गावांनी शाहिरांना आधी विचारलं आणि मग लग्नाची तिथी धरली.

*

वसमतच्या बाजारात त्यांना इमामभाई भेटले. धंदा कापूस पिंजण्याचा. पिंजणाच्या तातीवर दिवसभर ठोके मारून हातात ताल असा बसला होता की डफवाल्यांनी शरमावं.

गाणं संपल्यावर इमामभाई पुढे आले. "शाहीर, आवाज बराबर हाय. ताल तेवढा घरी इसरून आले."

लिंबाजींनी डफ त्यांच्या हातात दिला तो कायमचाच.

*

मी तेव्हा एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. हैदराबादेत उर्दूतून कॉलेज केलेलं, म्हणून शाहिरांच्या अर्जांचं काम माझ्याकडे आलं. जाहीर गायचं तर गाणं उर्दूत उतरवून ठाण्यात दाखवावं लागे. आपलंच गाणं आपल्याच गावात गायला परवाना! आजही लिहिताना संताप येतो.

औंढ्याच्या जत्रेचं पहिलंच बोलावणं आलं होतं. औंढ्याला गाजला तो मुलखात गाजला. शाहिरांचं सगळ्यात लोकप्रिय गाणं ढेकणाचं:

बाज माझी, सुतळी माझी, मीच घेतली विणून,
मालक होऊन बसला कोण? ढेकूण!

मी इमानानं 'खटमल' लिहिलं. ठाण्याच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, वाचलं आणि विचारलं, "ये खटमल कौन है?"

लिंबाजी म्हणाले, "घरी या साहेब, दाखवतो."

अमीनसाहेबांनी लाल शाईनं तो शब्द सगळीकडे खोडला. बाकीचं गाणं मंजूर. गायकाच्या तोंडून तो शब्द निघाला तर परवाना रद्द आणि डफ जप्त.

*

मी त्यावर जळजळीत बातमी लिहून पाठवली. आमचे संपादक देशभक्त होते, पण छापखाना त्यांच्या सासऱ्यांचा. बातमी छापून आली ती 'आरोग्य' या सदरात. मथळा होता: 'ढेकणांबाबत अमीनसाहेबांची दक्षता'.

मी भांडायला गेलो. संपादक म्हणाले, "खोटं काय आहे त्यात?"

*

जत्रेत दुपारी मैदान भरून गेलं. अमीनसाहेब पुढच्याच खुर्चीत, मांडीवर माझा उर्दू कागद, ओळीवर बोट. इमामभाई माझ्या कानात म्हणाले, "शाहिरांच्या जिभेवरून तो शब्द घसरला तर संपलं. मग मी हाय अन् माझं पिंजण."

लिंबाजींनी सूर लावला. 'मालक होऊन बसला कोण?' इथवर आले आणि तोंड मिटून उभे राहिले. डफही थांबला.

सगळी जत्रा ओरडली, "ढेकूण!"

दुसऱ्या कडव्याला तेच. या वेळी मागच्या दुकानदारांनीही आवाज लावला. तिसऱ्या कडव्याला अमीनसाहेब उठून गरजले, "खटमल किसने कहा?"

लिंबाजींनी हात जोडले. "आमी न्हाई साहेब. तुमी खोडला तो शब्द. अन् आता म्हणला बी तुमीच."

मोहरीरानं, म्हणजे ठाण्याच्या कारकुनानं, कागद उलटसुलट पाहिला. गायकाच्या तोंडून शब्द निघालाच नव्हता. डफ जप्त करता येईना.

पुढच्या आठवड्यात वसमतच्या कार्यक्रमाचा परवाना आला. गाणं तेच, लाल शाई तीच. खाली मात्र अमीनसाहेबांच्या हातची एक नवी अट होती. मी वाचून दाखवली: 'गायकाने गाताना मध्येच थांबू नये.'

लिंबाजींनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि इमामभाईंकडे वळले.

"काढा डफ. आता तर थांबायलाच बंदी हाय."