रिॲक्टर बाटत नाही

बाईच्या हाताने लोणचं नासतं, तुळस वाळते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. रसायनं शिजवायचा दोन पुरुष उंचीचा स्टीलचा रिॲक्टरसुद्धा बाटतो, हे मात्र महाडच्या एमआयडीसीत नोकरीला लागल्यावर कळलं.

औषधाचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीत मी लॅबमध्ये होते. बायका असायच्या त्या लॅबमध्येच. मग पोलादपूरकडच्या कापड्याहून अनुपमा आली. भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी, रसायनशास्त्रात एमएस्सी. मुलाखतीत साहेबांनी मोठ्या मनाने लॅब देऊ केली, तर म्हणाली, "मला प्लांट हवाय." प्रॉडक्शनला आलेली आमच्याकडची ती पहिली बाई. प्लांटमध्ये बायकांसाठी संडास नव्हता. तो तिने भांडून बांधून घेतला आणि वर तोंड करून सांगितलं, "दोन बांधा, अजून बायका येणार आहेत."

दुसऱ्याच पावसाळ्यात तिच्या दोन बॅच लागोपाठ फसल्या. पांढरे स्वच्छ स्फटिक पडायचे तिथे चिकट लगदा. अनुपमाने रिॲक्टरवरचा, वाफ थंड करणारा कंडेन्सर उतरवून घेतला, दाब देऊन तपासला आणि त्यातली एक नळी गळतेय हे सगळ्यांना उभं करून दाखवलं. थंड करायचं पाणी आत उतरत होतं, आणि आमच्या त्या मालाला पाणी म्हणजे वैरी. नळी बदलली. विषय संपायला हवा होता.

पण ऑपरेटर मंडळींचं आधीच ठरलेलं. बाई 'त्या' दिवसांत रिॲक्टरपाशी गेली, म्हणून माल बिघडला. नळी गळाली ती पण त्यामुळेच! दर मार्चला चवदार तळ्याकडे निघालेल्या गर्दीत आमच्या कंपनीची बस अडकते. त्याच बसमध्ये बसून ही माणसं बाटाबाटीच्या गोष्टी करत होती. एकेकाला धरून खाली उतरवावं असं मला वाटायचं.

सगळ्यात जुने ऑपरेटर महिपतीकाका तर तिच्याच गावचे.

"अगो पोरी, तुजी आय प्रयागबाई मला राखी बांधते," ते तिला समजावत होते. "तुज्या वाईटावर मी कसा असंन? पन तसल्या दिसांत हितं येव नको, बास."

"तसले दिवस म्हणजे कसले, काका?"

काका छताकडे बघायला लागले.

प्रॉडक्शन मॅनेजर चिंतामणी सर महाडातल्या शिकल्यासवरल्या घरातले, म्हणून त्यांनी तेच गोड भाषेत सांगितलं. "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही गं. पण माणसं बिथरलीत. आता ही एक बॅच बघू. गेली, तर तू लॅबमध्ये. पुन्हा प्लांटचं नाव काढायचं नाही."

"आणि चांगली निघाली तर?"

याचा त्यांनी विचारच केला नव्हता. विश्वास असणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. विश्वास नसून मान डोलावणाऱ्याचा मला जास्त राग येतो.

बॅचच्या दिवशी सकाळी मी नमुना घ्यायला प्लांटमध्ये गेले होते. अनुपमा हेल्मेट चढवून रिॲक्टरसमोर उभी राहिली आणि पंपाच्या आवाजावर आवाज काढून म्हणाली, "सगळे ऐका. आज माझी पाळी आहे. पहिला दिवस. कुजबुज नको म्हणून मीच सांगतेय. आता मॅनहोल उघडा."

माझेच कान तापले, खोटं कशाला बोलू?

"मी नाय उगडनार," महिपतीकाका म्हणाले.

तिने त्यांच्या हातातला पाना घेतला, जिना चढली आणि नट सोडवायला लागली. मॅनहोलचं झाकण उघडलं. मग पावडरच्या गोण्या एकटीने ओढत नेऊन रिकाम्या करायला लागली. दुसरी गोणी तिने गुडघा लावून काठावर चढवली. खाली पुरुषांचा घोळका हाताची घडी घालून उभा.

काकांना ते बघवेना. "बायमानसानं गोनी उचलायची आन आमी बगायचं?"

"लाज वाटत असेल तर हात लावा, काका. भीती वाटत असेल तर तिथेच थांबा."

काका तोंडातल्या तोंडात पुटपुटत वर चढले. देवाचं नाव घेत असतील नाहीतर तिला शिव्या. पण गोणी उचलली.

दुसऱ्या दिवशी माल काढला. पांढराशुभ्र, साखरेसारखा सुटा. मी लॅबमध्ये तपासला, पुन्हा तपासला, आणि रिपोर्ट घेऊन अक्षरशः धावत गेले. मला रडू येत होतं.

चिंतामणी सरांनी तिला बाजूला घेतलं. "अनुपमा, काल ते खरंच होतं, की मुद्दाम बोललीस?"

"सर, बॅचशीटवर त्याचा रकाना नाही."

त्यानंतर ती प्लांटमधून हलली नाही. त्याच मालाची पद्धत तिने अशी बदलली की माल विरघळवायचं जे सॉल्व्हंट एकदा वापरून जाळायला जायचं, त्यातलं अर्ध्याहून अधिक परत वापरात आलं. पुढे चिंतामणी सरांच्या खुर्चीत ती बसली, आणि प्लांटमध्ये मुली घ्यायला लागली.

त्यांतलीच पोलादपूरची समीक्षा परवा रिॲक्टरच्या जिन्याखाली घुटमळत होती. "काका, आज रिॲक्टर भरताना मी लांबच थांबते. माझी जरा अडचण आहे."

महिपतीकाकांनी पाना तिच्या हातात दिला. "पोटात दुकत असंल तर जरा बस, गो. रिॲक्टरला काय अडचन नाय."