पहिला घाणा

आमच्या बुलढाण्यात तेव्हा बाईमाणूस रिकाम्या हातानं रस्त्यानं चालत नसे. हातात काहीतरी पाहिजेच. पिशवी, तांब्या, पूजेचं ताट, नाहीतर कडेवर लेकरू. हात भरलेला असला की ती कामाला निघाली असं समजायचं. रिकामा दिसला की चार जणी ओट्यावरून विचारणार, "काऊन वं, कुठं चालली?" फिरायला चालले, असं सांगायची सोय नव्हती. फिरायला पुरुष जात, तेही वकील नाहीतर मास्तर असले तर.

मी लग्न होऊन आले तेव्हा महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी यावर केव्हाच तोड काढून ठेवली होती. दिवेलागणीला घंटा-दीड घंटा असला की त्या खुंटीवरची कापडी पिशवी काढायच्या आणि म्हणायच्या, "चाल पोरी, देवळात जाऊन येऊ." देवळात आम्हाला कितीसा वेळ लागणार? नमस्कार केला की पुढं निघायचं. गाव संपेपर्यंत चालायचं आणि मोताळ्याकडे घाट उतरतो तिथं एका चपट्या दगडावर जाऊन बसायचं. पिशवी गेली तशीच रिकामी परत यायची.

रस्ता सगळा आमचा होता. मोटार म्हणाल तर एखाद्या साहेबाची जीप, आणि एसटी. ती बिचारी खालच्या वळणापासून कण्हत चढायची, म्हणून दिसायच्या आधीच आम्ही पदर सावरून बाजूला. बाकी बैलगाड्या, सायकली, घरी परतणाऱ्या शेळ्या. दिवाळीनंतरची थंडी असायची, खालून वारा यायचा. आत्याबाई खाली बोट दाखवून रोज सांगायच्या, "ते आंब्याचं बन दिसते नं, त्याच्या मांगं माह्यं माहेर." मला ते बन कधीच दिसलं नाही. मी आपली "हाव, हाव" म्हणून मान डोलवायची.

घाटाच्या तोंडाशी टिनाचं एक होटेल होतं. तिथं भज्यांचा वास सुटलेला असे, आणि आत्याबाईंचे पाय तिथं हळू व्हायचे. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण नव्या सुनेनं काय बोलावं! एक दिवस दगडावर बसल्या बसल्या त्याच बोलल्या.

"पोरी, बारा वर्साची या घरात आली मी. तवापासून भजे तयून राह्यली. पण गरम भजं कसं लागते, मले ठाऊक नाई."

खरंच होतं ते. पहिलं भजं चुलीतल्या विस्तवाला. मग पहिला घाणा मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. दुसरा आमच्या ह्यांना आणि दिरांना, मग लेकरांना. कढई उतरेपर्यंत ताटलीत चार-सहा उरलेले, गार आणि चिवट, ते आमचे. मामाजी कधी खुशीत असले की याच होटेलातून पुडा आणायचे. तोही घरी पोचेपर्यंत वाफ धरून लिबलिबीत.

"मंग आज खाऊ नं," मी म्हटलं. कसं तोंडातून गेलं कोण जाणे.

"होटेलात? बायका?"

"मी हाये नं सोबत."

"तू हायेस म्हणूनच तं भेव! म्हणतील, सासूनं सुनेले बिघडवलं." असं म्हणून त्या हसल्या, पिशवीची बारीक घडी केली आणि कमरेला खोचून टाकली.

होटेलाबाहेर बाकांवर गाडीवान बसले होते. आम्ही दिसलो तशा सगळ्यांच्या माना वळल्या. होटेलवाला भला माणूस, लगबगीनं उठला. "या माय, आत या. फॅमिलीची जागा हाये." फॅमिलीची जागा म्हणजे कोपऱ्यात एक टेबल, शेजारी साखरेची गोणी आणि पुढं दोरीवर मळका पडदा. आम्ही बसलो, त्यानं पडदा ओढला. सगळा अंधार. बाहेर तेल चुरचुरत होतं.

आत्याबाई उठल्या आणि पडदा सारून बाहेर आल्या.

"भाऊ, सारी जिंदगी मले कढईसमोर बसवलं. आता खायच्या वक्ताले काऊन लपवून राह्यला?"

एक म्हातारा गाडीवान म्हणाला, "माय, पडदा बायकाइसाठी असते."

"मंग तुम्ही बसा नं आत. लाज तुमाले वाटून राह्यली, मले नाई."

सगळं बाक हसलं. तो म्हाताराही हसला आणि सरकून त्यानं जागा केली. "बसा माय, इथं वारा हाये."

बसल्या बसल्या आत्याबाईंची होटेलवाल्याला शिकवणी सुरू. तेल अजून तापू दे. पीठ इतकं पातळ कायले भिजवलं? तो बिचारा "हो माय, हो माय" करत राहिला. बशी आली, बाजूला तळलेल्या मिरच्या. आत्याबाईंनी सवयीनं ती माझ्यापुढं सरकवली. मी परत त्यांच्यापुढं.

"पहिला घाणा तुमचा."

त्यांनी भजं उचललं, अख्खं तोंडात टाकलं आणि तोंड उघडून हा-हा करायला लागल्या. डोळ्यांत पाणी.

"पोयलं?" जीभ भाजली की काय म्हणून मी विचारलं.

"पोयलं वं! लय पोयलं!" म्हणाल्या आणि लगेच दुसरं उचललं.

परतताना मी पदरानं तोंडाचं तेल पुसत होते. बातमी आमच्या आधी घरी पोचणार, हे ठरलेलं. मामाजी ओट्यावरच होते. "आज देवळात उशीर झाला?" त्यांनी विचारलं. मी खाली मान घातली. आत्याबाईंनी घातली नाही.

"देवळातून होटेलात गेली होती. भजे खाल्ले. गरम."

मामाजींनी आमच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुडा नाई आणला?"

"पुड्यात गार होतात. पाह्यजे असन तं उद्या चाला सोबत."

उद्या काही ते आले नाहीत. आठ दिवसांनी आले, तेही आमच्या दहा पावलं पुढं, जसं काही आमची ओळखच नाही. पण बाकावर बसले आमच्याच शेजारी.

त्यानंतर घरात भजे झाले तेव्हा आत्याबाईंनी पहिलं भजं विस्तवाला दिलं, दुसरं उभ्या उभ्या स्वतःच्या तोंडात टाकलं, तिसरं मला दिलं, आणि मग ताटली बाहेर पाठवली. तेव्हापासून आमच्या घरी हाच कायदा, जो तळेल त्यानं आधी खायचं. परवा माझा मुलगा भजे तळत होता आणि मी बशी घेऊन वाट पाहत बसले होते. पठ्ठ्यानं पहिलं स्वतःच खाल्लं. बरोबर आहे त्याचं.