मामीच्या भिंतीवरची माणसं

"कुणाचं हाय हे? आधी नाव सांग."

जुनं लुगडं किंवा सदरा हातात आला की मामी तो दोन बोटांत चोळायची आणि हे विचारायची. नाव कळल्याशिवाय तिनं कधी कापडाला कात्री लावली नाही. यवतला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. एकदा उरलेल्या तुकड्यांचं पोतं मी कासुर्डीला तिच्या घरी नेऊन दिलं, तर म्हणाली, "हे कुणाचंच न्हाई गं. पायपुसणी व्हतील ह्याची, गोधडी न्हाई." घ्या! माझं नवंकोरं कापड पायपुसण्याच्या लायकीचं!

मामी कुणाची सख्खी मामी नव्हती, पण सगळं गाव तिला तेच म्हणायचं. एकटी राहायची. तिच्या दोन खोल्यांत भिंत म्हणून दिसायची नाही, सगळीकडे खिळ्यांना गोधड्या टांगलेल्या. गेलेल्या एकेका माणसाच्या कपड्यांची एकेक गोधडी, आणि जागा ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणं. आई माठाशेजारी. भांडकुदळ जाऊ दाराशी. "कोण आलं, कोण गेलं, बघंल ती. जिती व्हती तवाबी तेच करायची." नवरा पार मागच्या कोपऱ्यात. का, असं विचारलं की तोंडाला पदर लावून हसायची.

"मोकळ्या भिंती खायला उठत्यात, बाई."

आमच्याकडे मयताचे कपडे घरात ठेवत नाहीत, स्मशानात नेतात. म्हणून मामी माणूस धडधाकट असतानाच एखादं कापड मागून ठेवायची. "मेल्यावर कोण देतंय?" असं तोंडावर विचारायची. बायका शिव्या घालायच्या आणि द्यायच्याही.

पोटच्या पोराचं मात्र कोण आधी मागून ठेवतं? तिचा एकुलता एक मुलगा कंपनीत अपघातात गेला. त्याचे चार शर्ट तिनं ज्वारीच्या कणगीत दडवले आणि सुतक फिटल्यावर शिवायला घेतले. पुढं सून तान्ह्या मुलीला घेऊन शिरूरकडे दुसऱ्या घरी नांदायला गेली. मामीनं ती गोधडी नातीबरोबर दिली. आठवडाभरात गोधडी परत आली. मेलेल्या माणसाचं कापड आमच्यात नको, असा निरोप होता.

"त्यांचं बी बरोबर हाय," मामी म्हणाली. "पोरगी मोठी झाली की नेईल. तिच्या बापाची हाय." आणि समोरच्या भिंतीवर खिळा ठोकला.

नात दर दिवाळीच्या सुट्टीत यायची. बाप तिला आठवतच नव्हता. मामी गोधडीवर बोट फिरवत सांगायची, "ह्यो तुझ्या बारशाला घातलेला. ह्यो लग्नाआधीचा, लई मिरवायचा ह्यात." पोरगी गाल टेकवून ऐकायची. घरी तिच्याकडे बापाचा धड फोटोही नव्हता.

"दहावी झाली की घेऊन जाणार मी. मग कोण अडवतंय बघू."

"ने की. तवर सांभाळते मी."

नेमके दहावीचे पेपर चालू असताना मामी झोपेतच गेली. पोरीला परीक्षा संपेपर्यंत कळवायचं नाही, असं ठरलं. मी तेव्हा नणंदेच्या बाळंतपणाला पुण्यात होते. परतल्यावर तडक कासुर्डी गाठली, तर भिंती गुलाबी. मामीचे धाकटे दीर, आप्पा, ब्रश घेऊन उभे.

"आप्पा, गोधड्या कुठायत?"

"मयताचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत्यात व्हय? समदं ट्रॉलीत भरून नेलं आन् जाळलं."

"अहो, ती अंथरुणं नव्हती, आप्पा!"

"मग काय व्हतं?"

असा संताप आला की हातातला ब्रश हिसकावून घ्यावा. पण रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. "नात येनार हाय," ते म्हणाले. "पोरींना गुलाबी आवडतो म्हनं."

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. वाटेत आईनं आजीचं सांगितलं होतं. तरी काखेत भली मोठी रिकामी पिशवी होती. मी आधी गाठून सांगणार होते, पण ती थेट घरात शिरली. समोरच्या भिंतीकडे बघतच राहिली.

"आवडला का रंग?" आप्पांनी विचारलं.

तिनं त्यांच्या रंगानं माखलेल्या हातांकडे पाहिलं.

"छान झालंय, आप्पा."

आप्पांना केवढं बरं वाटलं! ते चहा ठेवायला आत गेले, तेव्हा कुठं ती पोर रिकामी पिशवी पोटाशी धरून खाली बसली.