पंगत उठेपर्यंत

संगमनेर तालुक्यात आमच्या साडूंनी जितकी लग्नं पाहिली तितकी कुठल्या भटजींनीही लावली नसतील, आणि त्यातल्या बहुतेक लग्नांना ते गेलेच नव्हते. ती त्यांनी घरच्या खुर्चीत बसून पाहिली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला लोकांना लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटची सीडी करून हवी असायची, आणि नाशिक-पुणे रस्त्यालगतच्या आपल्या पुढच्या खोलीत साडूंनी तोच धंदा काढला होता. नुसता कॉम्प्युटर एकेका लग्नावर रात्रभर दळत बसायचा आणि पहाटे रुसून बंद पडायचा. म्हणून साडूंनी मुंबईहून कॅसेटवरचं चित्र झटपट सीडीजोगं करून देणारं एक कार्ड आणून त्याच्या पोटात बसवलं. मग कॅसेट जितका वेळ चाले तितक्याच वेळात काम फत्ते. कार्ड फार तापायचं, म्हणून कॉम्प्युटरचं झाकण कायम उघडं आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्यासमोर. "आम्ही घामानं मेलो तरी चालंल, त्याला वारा पाहिजे," असं ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या.

खरं तर बटण दाबलं की माणसानं खुशाल भाजी आणायला जावं. पण नाही! साडू पाय धुऊन, टोपी घालून त्या अनोळखी लग्नाला बसायचे. मंगलाष्टकं सुरू झाली की उभे राहायचे, आणि आपण बसलेले दिसलो तर "साडूभाऊ, उठा, लग्न लागतंय" म्हणून आपल्यालाही उठवायचे, मग हातातला चहा सांडो नाहीतर काही होवो. पंगत बसली की पडद्याला ओरडायचे, "अहो, त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला वाढा की, कधीचा बसलाय!" गिऱ्हाइकं म्हणायची, पंगत कापा, म्हणजे एक सीडी कमी लागेल. त्यावर साडूंचं उत्तर ठरलेलं. "जेवत्या माणसाला उठवायचं? आपल्याच्यानं व्हायचं नाही." वरची सीडी ते पदरची घालत. धंदा कसा चालला असेल ते सांगायला नको.

एका उन्हाळ्यात मी साडूंकडे असताना राजूरहून एक निवृत्त गुरुजी लेकीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. लग्नानंतर वर्षाच्या आतच त्यांची बायको वारली होती. तिचे फोटो होते, पण चालतीबोलती ती फक्त या कॅसेटमध्ये. राजूरकडच्या पावसानं फितीला बुरशी धरली होती. साडूंनी ती हळूहळू पुसून घेतली आणि स्पष्टच सांगितलं, "गुरुजी, एकदा चालंल. दुसऱ्यांदा काही खरं नाही."

"कन्यादान तेवढं मिळू द्या," गुरुजी म्हणाले. "तिथं ती माझ्याशेजारी बसलीय."

कॅसेट सुरू झाली. मंगलाष्टकांना गुरुजींसकट आम्ही सगळे उभे राहिलो. मग कन्यादान आलं आणि पडदाभर नुसत्या मुंग्या! भटजींचा आवाज येतोय, पण माणूस दिसेल तर शपथ. मुंग्या गेल्या तेव्हा लग्न पंगतीपर्यंत आलं होतं. गुरुजींनी पिशवी उचलली. "राहू द्या. आता पंगत कशाला? करा बंद."

मलाही वाटलं, करावं बंद. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. साडू मात्र जागचे हलले नाहीत. "बसा गुरुजी. लग्नघरातून न जेवता जायचं नसतं."

पंगत सरकत राहिली. वरण झालं, भात झाला, आणि बुंदीची परात घेऊन एक बाई वाढायला आल्या. डोळ्यांवर कॅमेऱ्याचा उजेड येताच त्यांनी हात झटकला. "माझं मेलीचं काय काढतोस? पाहुण्यांचं काढ." आणि हसल्या.

गुरुजी मटकन खाली बसले. "हीच," ते म्हणाले. "अश्शीच बोलायची."

साडू नेहमीसारखे पडद्याला म्हणाले, "वहिनी, आमच्या गुरुजींच्या पानात बुंदी राहिली हो." गुरुजी हसले आणि हसता हसता रडायला लागले.

साडूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या त्या कार्डातून निघालेलं आमचं लग्न आज माझ्या मोबाईलवर आहे. नको तो भाग पुढे ढकलायला नुसतं बोट फिरवलं की झालं. शेवटच्या पंगतीत साडू बसलेत. ताक पितात, पुन्हा भात मागतात, शेजारच्याला आग्रह करतात. काय तो सावकाश जेवायचा प्रकार! बायको माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. त्यांचं जेवण होईपर्यंत आम्ही दोघं बसून राहतो.