आडवी केलेली पेटी

कांद्याच्या गोणीचा वास आला की तीस वर्षांपूर्वीचं दौंडचं गोदाम आठवतं. रांजणगावहून आम्ही ट्रकने आणलेली मोटारीच्या काचांची पेटी उघडली, तर सगळ्या काचा फुटलेल्या. मालक ड्रायव्हर सोपानवर ओरडला, "खड्डं दिसत न्हाईत का रं? उद्यापासनं येऊ नगंस!"

सोपान माझ्याकडे वळला. "आप्पा, न्हावऱ्यात पेटी आडवी कुणी केली, सांगा की!"

अशा काचा उभ्याच न्यायच्या असतात. पण वाटेत न्हावरे गावात, वर मेव्हण्याचे कांदे बसावेत म्हणून मीच ती आडवी केली होती आणि बाजारात कांदे उतरवल्यावर गुपचूप पुन्हा उभी केली होती.

"उभीच हाय की पेटी," मी मालकाला म्हणालो.

सोपानने ट्रकची किल्ली माझ्या पायाशी फेकली. "चालवा आता तुमीच."

तेव्हा मला तो माजोरी वाटला. आज वाटतं, ती किल्ली त्याने माझ्या तोंडावर मारायला हवी होती.